यंत्र, नोंद आणि चित्रफीत
(रोबॉट बनविणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी थोडा इतिहास)



शाळेतील विज्ञान प्रदर्शन म्हटले की पूर्वी पुठ्ठ्याचा ज्वालामुखी आणि बॅटरीवर पेटणारा छोटा दिवा एवढेच डोळ्यांपुढे येत असे. आता ते चित्र पालटले आहे. २०१६ साली केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेस प्रारंभ झाला आणि पुढे देशातील १०,००० शाळांतून अशा प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. आठवी-नववीतील मुलेमुली मोटारी, चाके, सेन्सर आणि तळहाताएवढा संगणक जोडून यंत्रमानव, म्हणजेच रोबॉट, तयार करू लागली आहेत. ही समाधानाची बाब आहे, यात शंका नाही.

परंतु या आनंदाबरोबर एक तक्रारही पालकांकडून ऐकू येते. मुलगा यंत्र जुळवितो तोपर्यंत ठीक; पण त्याच संघातील दोघे-तिघे मोबाईल घेऊन त्या यंत्राचे चित्रीकरण करीत बसतात, चित्रफितीचे तुकडे जोडतात, त्यावर निवेदन चढवितात. हा वेळेचा अपव्यय नव्हे काय? त्याऐवजी दोन गणिते सोडविली असती तर? यंत्र चालते आहे हे सर्वांना दिसतेच आहे. मग हातच्या काकणाला आरसा कशाला?

पालकहो, तुमची काळजी रास्त आहे. मुलांच्या हातातील मोबाईलविषयी कोणत्या घरात वाद होत नाही? तरीही या प्रश्नाचे उत्तर देण्याची घाई न करता आपण थोडे इतिहासात डोकावू या. यंत्रे बनविणाऱ्यांचे काय झाले, कोणाचे नाव राहिले आणि कोणाचे पुसले गेले, हे पाहिले म्हणजे आपणांस निर्णय करणे सोपे जाईल.

आठशे वर्षांपूर्वीचे एक पुस्तक

नवव्या शतकात बगदादमध्ये मुहम्मद, अहमद आणि हसन हे तीन भाऊ होऊन गेले. ‘बनू मूसा’ म्हणजे मूसाचे पुत्र या नावाने ते ओळखले जातात. पाणी, हवा आणि झडपा यांच्या जोरावर आपोआप चालणाऱ्या सुमारे शंभर युक्त्यांचे वर्णन त्यांनी एका ग्रंथात केले. आपोआप वाजणाऱ्या बासरीचे वर्णनही त्यांनीच केले.

त्यांच्यानंतर सुमारे साडेतीनशे वर्षांनी अल्-जझरी हा थोर कारागीर झाला. आजच्या तुर्कस्तानातील दियारबकर येथे आर्तुकी घराण्याच्या पदरी त्याने जवळजवळ २५ वर्षे सेवा केली. हत्तीच्या पाठीवरचे घड्याळ, पाणी उपसणारी यंत्रे, हात धुण्यासाठी पाणी ओतणारी बाहुली, तळ्यात तरंगणाऱ्या नावेतील चार वादक, अशा कितीतरी वस्तू त्याने निर्माण केल्या. वादकांच्या नावेत फिरणाऱ्या दांड्यावर खुंट्या बसविलेल्या होत्या आणि त्या खुंट्यांच्या रचनेवर वादकांची हालचाल अवलंबून असे. आजचे यंत्रशास्त्राचे अभ्यासक तिच्याकडे कौतुकाने पाहतात ते याचमुळे.

आता महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्या. तेथील सुलतान नासिरुद्दीन महमूद याने अल्-जझरीला सांगितले की, तू केलेल्या या अजोड वस्तूंवर तुझे कष्ट खर्ची पडले आहेत, ते वाया जाऊ देऊ नकोस. वेगवेगळ्या वेळी केलेले हे काम चित्रांसह एका ग्रंथात एकत्र कर. ही हकीकत खुद्द अल्-जझरीनेच आपल्या प्रस्तावनेत नमूद केली आहे. १२०६ साली तो ग्रंथ पूर्ण झाला. त्यात ५० यंत्रे आहेत. नुसते वर्णन नाही, तर रंगीत आकृत्या आहेत, आणि आकृतीतील भागांना अक्षरे देऊन मजकुरात त्यांचा उलगडा केला आहे. कोणता भाग आधी करावा, तो कशाने जोडावा, कसा तपासावा, हे एखाद्या उस्तादाने शागिर्दाला समोर बसवून शिकवावे तसे सांगितले आहे.

अल्-जझरीच्या हातची मूळ यंत्रे आज कुठेही उरलेली नाहीत. लाकूड कुजले, तांबे वितळवून भांडी झाली असतील, राजवाडे पडले. पण ग्रंथ राहिला. १९७४ साली डोनाल्ड हिल या इंग्रज अभियंत्याने त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, आणि १९७६ साली लंडनमधील इस्लामी जगताच्या महोत्सवात त्याच ग्रंथाच्या आधारे एक भव्य जलघड्याळ पुन्हा उभारून चालविण्यात आले. साडेसातशेहून अधिक वर्षांनी घड्याळ पुन्हा चालले, ते केवळ नोंद चोख होती म्हणून!

ज्याची नोंद दुसऱ्याने केली

याच्या उलट उदाहरण आपल्या दख्खनशी जोडलेले आहे. विजापूरच्या अली आदिलशहाच्या दरबारी इराणातून आलेले फतहुल्ला शिराझी नावाचे विद्वान होते. १५८० मध्ये अली आदिलशहाचा मृत्यू झाला, आणि १५८३ मध्ये अकबर बादशहाने त्यांना उत्तरेत बोलावून घेतले. गणित, खगोल, वैद्यक आणि यंत्रविद्या या सर्वांत त्यांची गती असामान्य होती. १५८४ साली सुरू झालेल्या इलाही सनाची आखणी त्यांचीच. १५८९ साली काश्मीरमध्ये त्यांचे निधन झाले.

चालता चालता धान्य दळणारी गाडी, बंदुकांच्या अनेक नळ्या एकाच वेळी साफ करणारे चक्र, अशी यंत्रे त्या काळी तयार झाली. अबुल फजलच्या ‘आइन-इ-अकबरी’त त्यांची माहिती येते, पण तेथे त्यांचे श्रेय कोणाला? बादशहाला! त्याच काळातील दुसरे इतिहासकार निजामुद्दीन अहमद यांनी मात्र अशा यंत्रांचा कर्ता म्हणून शिराझींचे नाव घेतले आहे. दरबारी इतिहासात बादशहाचे नाव पुढे येणार हे त्या काळच्या रीतीला धरूनच होते. परंतु या यंत्रांविषयी शिराझींच्या स्वतःच्या हातचा चित्रांसहित ग्रंथ आपल्यापुढे नाही. म्हणून दोन इतिहासकारांच्या चार ओळींवर आपल्याला निवाडा करावा लागतो.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, या दोन कारागिरांत बुद्धीने कोण श्रेष्ठ होते हा वाद आपण करायचा नाही. एकाने आपली नोंद स्वतः केली, दुसऱ्याची नोंद इतरांनी केली, एवढाच फरक लक्षात ठेवा. जो आपली हकीकत स्वतः सांगत नाही, त्याची हकीकत दुसरा सांगतो, आणि ती आपल्या सोयीने सांगतो.

अंधाऱ्या खोलीतून पडद्यावर

नोंद करण्याचे साधन काळाप्रमाणे बदलते. अल्-जझरीजवळ बोरू आणि रंग होते. तुमच्याजवळ कॅमेरा आहे. या कॅमेऱ्याच्या इतिहासातही एक आदराने घेण्यासारखे नाव आहे. इब्न अल्-हैसम यांचा जन्म सुमारे ९६५ साली बसऱ्यात झाला आणि सुमारे १०४० मध्ये त्यांचे कैरोत निधन झाले. डोळ्यांतून किरण बाहेर पडतात म्हणून आपल्याला दिसते, हे मत तोवर अनेक पंडित मानीत होते. वस्तूवरून निघालेला प्रकाश डोळ्यांत शिरतो म्हणून वस्तू दिसते, हे त्यांनी आपल्या ‘किताब अल्-मनाझिर’ या सात भागांच्या ग्रंथात मांडले. अंधाऱ्या खोलीच्या लहानशा छिद्रातून येणाऱ्या प्रकाशावर त्यांनी प्रयोग केले, आणि ग्रहणाच्या वेळी सूर्याची कोर अशा छिद्रातून कशी उमटते याचा विचार स्वतंत्र निबंधात केला. ‘कॅमेरा’ या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थच मुळी खोली असा आहे.

ती खोली पुढे पेटीएवढी झाली, पेटीत काच आली, काचेमागे फिल्म आली. १८७८ साली अमेरिकेत मायब्रिज या छायाचित्रकाराने धावत्या घोड्याच्या वाटेवर ओळीने १२ कॅमेरे मांडून घोड्याची एकेक हालचाल टिपली. धावताना घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात, हे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे सत्य त्या चित्रांनी दाखविले.

आणि आपल्या महाराष्ट्राकडे पाहा. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणला. भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी आधी काय केले? वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसांमागून दिवस थोडी थोडी चित्रित करून ‘अंकुराची वाढ’ ही छोटी चित्रफीत दाखविली. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला तो यानंतर. पुढे १९१७ मध्ये त्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ ही फिल्म काढली. तिच्यात आपण काम कसे करतो हे त्यांनी लोकांना दाखविले, आणि तिचा काही भाग आजही पाहावयास मिळतो. विश्वास मिळविण्यासाठी एक चित्रफीत आणि कसब समजावण्यासाठी दुसरी, असे दादासाहेबांचे धोरण होते.

यंत्रमानव पडद्यावर येतो

‘रोबॉट’ हा शब्द कारेल चापेक या झेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून जगात पसरला. प्रत्यक्ष कारखान्यात कामाला लागलेला पहिला यंत्रबाहू म्हणजे ‘युनिमेट’. १९६१ साली अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या कारखान्यात तो तापलेले धातूचे भाग उचलू लागला. परंतु सामान्य लोकांना तो माहीत झाला तो १९६६ मध्ये, दूरदर्शनच्या एका लोकप्रिय कार्यक्रमात त्याने गोल्फचा चेंडू टोलविला आणि वाद्यवृंदापुढे छडी हलविली तेव्हा.

त्याच १९६६ साली कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ‘शेकी’ या यंत्रमानवाचे काम सुरू झाले. चालताना थरथरतो म्हणून त्याचे नाव शेकी. त्याला कॅमेऱ्याचा डोळा होता, आणि खोलीतील ठोकळे ओळखून, कोणत्या वाटेने जावे हे ठरवून तो ते ढकलीत असे. १९७२ साली काम थांबले. परंतु त्याच वर्षी संशोधकांनी शेकीची विचारपद्धती उलगडून दाखविणारी एक फिल्म तयार केली. यंत्र आज संग्रहालयात निश्चल उभे आहे. तो चालतो कसा हे नव्या पिढीला पाहावयाचे असेल, तर त्या फिल्मचाच आधार घ्यावा लागतो.

विद्यार्थ्यांच्या स्पर्धा आणि हेरातच्या मुली

विद्यार्थ्यांच्या यंत्रमानव स्पर्धांना जगभर चालना देणारी ‘फर्स्ट’ ही संस्था अमेरिकेत डीन केमन यांनी १९८९ साली स्थापन केली. १९९२ साली एका शाळेच्या व्यायामशाळेत २८ संघांची पहिली स्पर्धा झाली. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, तिथला सर्वांत मानाचा पुरस्कार सामना जिंकणाऱ्याला नव्हता. संघाने आपल्या शाळेत, गावात, धाकट्या मुलांत विज्ञानाची गोडी किती लावली, हे पाहून तो देण्यात येई. ‘चेअरमन्स अवॉर्ड’ हे त्याचे जुने नाव; २०२३ पासून तो ‘इम्पॅक्ट अवॉर्ड’ झाला. या पुरस्कारासाठी लेखी निवेदन आणि मुलाखत यांच्या जोडीला आपल्या कार्याची काही मिनिटांची चित्रफीत सादर करण्याची प्रथा पडली. धाकट्या गटाच्या स्पर्धेत तर एका मिनिटाच्या संदेश-चित्रफितीसाठी वेगळा पुरस्कारच ठेवला गेला. म्हणजे चित्रीकरण हा यंत्रशास्त्राबाहेरचा नाद नसून त्याच अभ्यासाचे एक अंग आहे, हे जाणत्यांनी केव्हाच मान्य केले.

२०१७ च्या जुलैत वॉशिंग्टन येथे जगातील दीडशेहून अधिक देशांच्या विद्यार्थी संघांची स्पर्धा भरली. भारताच्या वतीने मुंबईचे विद्यार्थी गेले आणि पदके घेऊन परतले. त्याच स्पर्धेसाठी अफगाणिस्तानातील हेरात शहराच्या मुलींनी नाव दिले होते. त्यांच्या यंत्राचे साहित्य दीर्घकाळ सरकारी तपासणीत अडकून पडले; इतरांना मिळालेला वेळ त्यांना मिळाला नाही. प्रवेशपरवाना दोनदा नाकारला गेला. तेव्हा असे ठरले होते की यंत्र वॉशिंग्टनला जाईल आणि मुली हेरातमध्ये बसून पडद्यावर त्याचा सामना पाहतील. अखेर परवाना मिळाला, मुली गेल्या आणि धैर्याबद्दलचे रौप्यपदक घेऊन आल्या. २०२० मध्ये साथीच्या काळात या संघाने जुन्या मोटारगाड्यांचे भाग वापरून श्वसनयंत्राचा नमुना तयार केला. २०२१ च्या ऑगस्टनंतर त्यांच्यापैकी अनेकींना देश सोडावा लागला. परंतु मुलींनी काय करून दाखविले याची दृश्ये जगाजवळ आहेत. ती आता कोणालाही पुसता येणार नाहीत.

साथीच्या त्या दिवसांनी आणखी एक धडा दिला. २०२० च्या मार्चमध्ये सामने थांबले, आणि २०२१ साली संघांना आपले काम दुरूनच सादर करावे लागले. परीक्षकांच्या मुलाखतीही पडद्यावरून झाल्या. ज्या संघांना कॅमेऱ्यापुढे आपले म्हणणे नेटके मांडता येत होते, त्यांना अर्थातच ते काम जड गेले नाही.

एक इशारा

मात्र चित्र जितके बोलते तितकेच फसवूही शकते. १७७० साली व्हिएन्नात केंपेलेन याने बुद्धिबळ खेळणारा एक ‘यांत्रिक तुर्क’ दाखविला. युरोप-अमेरिकेत अनेक दशके लोक थक्क होऊन पाहत राहिले. दारे उघडून आतील चक्रे दाखविली जात. पण खरा खेळाडू, जिवंत माणूस, आत लपलेला असे! १८५४ मध्ये ते यंत्र आगीत जळाले, आणि आज त्याचे नाव फसवणुकीचे उदाहरण म्हणूनच घेतले जाते.

मुलांनो, दहा वेळा पडलेला रोबॉट अकराव्या वेळी उभा राहिला आणि तुम्ही तेवढेच दाखविले, तर तुम्हीही पेटीत माणूस लपविला असे होईल. पडलेले दहाही प्रसंग जपून ठेवा. त्यांतील दोन तरी चित्रफितीत दाखवा आणि काय चुकले, कसे सुधारले ते सांगा. परीक्षकाला यंत्रापेक्षा तुमचा विचार पाहावयाचा असतो.

मग करावे काय?

प्रथम कागद, नंतर कॅमेरा. एका मिनिटात शंभर-सव्वाशे शब्दांहून अधिक निवेदन मावत नाही. तेव्हा काय सांगावयाचे ते आधी लिहून काढा. मोठ्या आवाजात वाचा, आणि अनावश्यक शब्द गाळा. प्रश्न काय होता, आम्ही काय केले, काय फसले, काय साधले, हा क्रम सोपा आणि पुरेसा आहे.

उजेड चित्र काढणाऱ्याच्या पाठीमागून किंवा बाजूने येऊ द्या. खिडकी यंत्राच्या मागे असली तर यंत्र काळे दिसेल. बोलताना पंखा बंद ठेवा. तिपाई नसेल तर पुस्तकांच्या चळतीवर मोबाईल टेकवा. घरात असलेला साधा मोबाईल पुरतो; यासाठी नवा घेऊन देण्याचा हट्ट मुलांनी धरू नये आणि पालकांनी तो पुरवू नये.

कॅमेऱ्याचा दुसरा उपयोग खुद्द यंत्रासाठी करा. पुष्कळ मोबाईलमध्ये सेकंदाला १२० किंवा २४० चित्रे घेऊन हालचाल संथ करून पाहण्याची सोय असते. दातेरी चाक कोठे निसटते, पट्टा केव्हा घसरतो, हे मायब्रिजच्या घोड्याप्रमाणे तेथे स्पष्ट दिसते. रोज दोन मिनिटांची नोंद ठेवा. दहावीची मुले शाळा सोडून जातात तेव्हा त्यांचे ज्ञानही त्यांच्याबरोबर जाते. ही दैनंदिनी पुढच्या तुकडीची उस्ताद ठरेल.

निवेदन मराठीत करा, उर्दूत करा. गरज पडल्यास खाली इंग्रजी ओळी द्या. जी गोष्ट मुलाला आपल्या भाषेत आईला समजावून सांगता येते, ती त्याला खरोखर समजलेली असते. आणि चित्रफितीच्या शेवटी सर्वांची नावे घाला. ज्याने तारा जोडल्या त्याचे, जिने हिशेब ठेवला तिचे, आणि ज्यांनी संध्याकाळी उशिरापर्यंत प्रयोगशाळा उघडी ठेवली त्या शिपाईमामांचेही. शिराझींची गोष्ट विसरू नका.

मुलींच्या पालकांना एक विशेष विनंती. मुलीचा चेहरा पडद्यावर येऊ नये असे आपणांस वाटत असेल तर तो आपला अधिकार आहे, आणि परवानगीवाचून कोणाचेही चित्र बाहेर जाता कामा नये, हा नियम शाळेनेही पाळलाच पाहिजे. पण एवढ्या कारणासाठी तिला संघातून काढू नका. यंत्र आणि त्यावर काम करणारे हात दिसले तरी पुरे. अल्-जझरीचा चेहरा कोणी पाहिला आहे? लिहिणे, चित्रीकरण, संकलन, निवेदन ही कामे तिला करू द्या. निवेदनातील तिचा आवाज आत्मविश्वासाने बोलू लागला की तोच उद्या मुलाखतीत तिच्या कामी येईल.

पालकहो, आपल्या मुलांत हुनर कमी नाही. गॅरेजमध्ये, यंत्रमागाच्या खोलीत, वेल्डिंगच्या दुकानात काम करणाऱ्या आपल्या कितीतरी वडीलधाऱ्यांनी डोके लढवून यंत्रे दुरुस्त केली, सुधारली. पण त्यांची नोंद कोणी ठेवली नाही आणि त्यांचे कसब त्यांच्याबरोबरच गेले. मुलांच्या बाबतीत तसे होऊ द्यावयाचे की नाही, हे आपल्या हाती आहे. या वर्षी शाळेतील संघ यंत्र घेऊन आपल्यापुढे येईल तेव्हा त्याची चित्रफीतही जरूर पाहा, आणि ती पाहून झाल्यावर मुलांना दोन प्रश्न विचारा. त्यांची उत्तरे ऐकली म्हणजे तो वेळ वाया गेला की सत्कारणी लागला, हे आपले आपणांसच कळेल.